टार्गेटला पोट सुटलं!

धनुष्यबाणाच्या सरावाच्या माझ्या फोमच्या टार्गेटच्या मधोमध एवढी पोकळी झाली होती की परवा बाण आरपार जाऊन मागच्या भिंतीवर आपटला. कडेचा फोम मात्र कोराच. त्यावर लावायच्या ४० सेंटीमीटरच्या कागदावर मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ४ सेंटीमीटरचं. सगळे बाण तिथंच मारायचे म्हटल्यावर फोम तरी काय करणार. (म्हणजे नेम अगदीच वाईट नाहीये हां माझा!)

आज सुट्टी, म्हणून बसले दुरुस्तीला. झिजलेला भाग लांब पात्याच्या सुरीने चौकोनी कापून काढला. आत बाणाचं एक तुटकं टोक सापडलं, कधीचं कोण जाणे. मग भोकात पाण्याचा हलका फवारा मारला आणि डब्यातला स्प्रे फोम भरला. तो ओलाव्यानेच घट्ट होतो. थराथराने भरायला हवा होता, मी सगळा एकदम भरला. तासाभरात टार्गेट गरोदर! हातमोजे घालायचा आळस केला, त्यामुळे दोन बोटं अजून चिकट आहेत, साबणाला अजिबात दाद देत नाहीत.

दुसरं टार्गेट थरांचं, त्याचं काम सोपं. पट्टे सैल केले, मधले थर कडेला आणि कडेचे मध्ये घातले, पुन्हा करकचून आवळले.

पोट उद्या कापेन. आत्ता हात लावला तर आतून अजून ओलंच आहे.