पितळी इंजिन घ्यायला गेलो आणि ...

शाळेत असताना कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम बघितलं आणि जे खूळ डोक्यात शिरलं ते इथे अमेरिकेत आल्यावर बेसमेंटमधल्या ४ बाय ८ फुटी प्लायवर उतरलं. एचओ स्केल, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. प्लास्टिकची दोन डिझेल होती पण मन अडकलेलं जपानी पितळी स्टीम इंजिनांत, ती १९६०-७० च्या काळातली, हाताने सोल्डर करून बनवलेली.

जानेवारीअखेर वेस्ट स्प्रिंगफिल्डला मोठा ट्रेन शो भरतो, तिथे गेलो. सोबत २२ इंच त्रिज्येच्या वळणाचे रुळांचे चार तुकडे फळीवर ठोकलेले, आठ पेन्सिल सेल जोडून केलेलं १२ व्होल्टचं डबडं आणि मल्टिमीटर. बायको म्हणाली, इंजिन घ्यायला चाललायस का बॉम्ब निकामी करायला?

पहिलंच दिसलं पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं के-४, ४-६-२ (म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन). खरी ४२५ बनली होती, १९१४ ते १९२८. मॉडेल असं चकचकीत की बास. पण माझ्या फळीवर ठेवलं तर वळणावर पुढची चार चाकं थेट सिलिंडरला घासायला लागली आणि करंट बंद, शॉर्ट! जुन्या पितळी इंजिनात इंजिन एका रुळावरनं करंट घेतं आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) दुसऱ्या, म्हणजे सगळी बॉडीच एका रुळाला जोडलेली, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं चाक बॉडीला नुसतं टेकलं तरी खेळ खल्लास. सरळ रुळावर हे कळणारच नाही, आणि विकणारा सरळ रुळावरच चालवून दाखवतो.

दुसरं २-८-०, काळवंडलेलं, डब्यातला फोम कुजून त्याला चिकटलेला. पण वळणावर नीट गेलं. उलटं करून बघितलं तर चारही जोड्या सारख्या फिरतायत, लंगडत नाही, साइड रॉडची (मोठी चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांची) भोकं झिजलेली नाहीत. मोटर आणि गिअरबॉक्समधली रबरी नळी मात्र वाळून कडक झाली होती, तिला नख लावलं तर तुकडाच पडला, तेवढ्यावर भाव कमी करून घेतला. :)

मग चाकं धरून मोटर अडवली, मीटर १.४ अँपवर. माझा डिकोडर (डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोलसाठी इंजिनात बसवायचं छोटं सर्किट) १ अँपचा, जळलाच असता! शिवाय त्या जुन्या ओपन-फ्रेम (उघड्या सांगाड्याच्या) मोटरचा एक ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारा तुकडा, सरळ फ्रेमला जोडलेला, डीसीसीसाठी दोन्ही ब्रश वेगळे लागतात. म्हणजे मोटर बदलणं आलंच, ते धरूनच हिशेब केला आणि तरी घेतलं. घरी छोटी कॅन मोटर (बंद डबीतली) आणि सिलिकॉनची नळी बसवली. दोन रविवार गेले कारण मोटरची उंची जुळेना, शेवटी पितळी पट्टी वाकवून बेस केला. आता अडवली तरी अर्ध्या अँपच्या आत असते.

व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, अरे किती काळं पडलंय, पितांबरी लाव की! तिला सांगितलं की घासलं तर वरचं लॅकर जाईल आणि बारीक रिव्हेटही झिजतील, तर म्हणे मग पितळेचं घेतलंसच कशाला.

के-४ अजून डोळ्यासमोरून जात नाही. पण त्याला ३० इंच त्रिज्येचं वळण द्यायचं तर फळी पाच फुटांहून रुंद पाहिजे, आणि बेसमेंटमधली तेवढी जागा सध्या ट्रेडमिलने अडवलीय, ज्यावर कपडे वाळतात.