स्वॉचपासून शुभेच्छापत्रापर्यंत: भेटींच्या विणकामाची प्रगती

आजोबांची कानटोपी पूर्ण झाली. भाचीच्या हातमोज्यांपैकी एक झाला, दुसऱ्याचा अंगठा तेवढा बाकी आहे. मैत्रिणीचा गळपट्टा अजून सुईवर आहे. या तिन्ही भेटींसोबत हाताने छापलेलं एकेक शुभेच्छापत्र द्यायचं आहे, आणि ते त्या त्या भेटीच्या लोकरीच्या स्वॉचवरून, म्हणजे माप पाहायला आधी विणलेल्या नमुन्याच्या तुकड्यावरून, छापायचं ठरवलं आहे. त्यामुळे या खेपेला स्वॉचला नेहमीपेक्षा जास्त मान मिळाला.

स्वॉच मी १५ सेंटीमीटर चौरस विणते आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्येच टाके मोजते, कारण कडेचे टाके ओढले जातात आणि खोटं माप देतात. मोजण्याआधी तो कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवायचा. सुपरवॉश लोकरीत तर हे टाळूच नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आटून नमदा होते. सुपरवॉशमध्ये हे खवले झिजवलेले किंवा वरून लेप देऊन झाकलेले असतात, म्हणून ती आटत नाही, पण टाक्यांची आपसातली पकडही कमी होते आणि पहिल्या धुण्यात कापड बऱ्यापैकी सैलावतं. न धुतलेल्या स्वॉचवरून हिशोब केला तर तो सुईवरच्या वस्तूचा होतो, वापरातल्या वस्तूचा नाही.

गोल विणायच्या वस्तूचा स्वॉचही गोल विणीसारखाच हवा. बहुतेकांच्या हाताची उलट सुई सुलट सुईपेक्षा थोडी सैल असते. सपाट स्वॉचमध्ये दोन्हींची सरासरी येते, आणि कानटोपी तर खालची पट्टी सोडली तर सगळी सुलटच असते. म्हणून दोन टोकांच्या सुईवर एक ओळ सुलट विणायची, काम न उलटता टाके दुसऱ्या टोकाला सरकवायचे, धागा मागून सैल सोडायचा आणि पुन्हा सुलट. मागे लोंबणारे धागे मोजताना मध्ये कापले तरी चालतात.

आता कानटोपी. आजोबांच्या डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर. मेरिनो या मऊ लोकरीचा मध्यम जाडीचा धागा, ४ मिलिमीटरच्या सुया, १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके आणि ३० फेरे. टोपी डोक्यापेक्षा लहान असली तरच नीट बसते. ११२ टाके घातले, म्हणजे जवळपास ५१ सेंटीमीटर. हेच गेज, म्हणजे १० सेंटीमीटरमधल्या टाक्यांची संख्या, २० आलं असतं तर ११२ टाक्यांची टोपी थेट ५६ सेंटीमीटरची झाली असती आणि प्रत्येक वाऱ्याला वर सरकली असती. १० सेंटीमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, पण डोक्याभोवती तो पाच सेंटीमीटरचा होतो.

टोपीचा आकार मात्र आजोबांच्या श्रवणयंत्राने ठरवला. "टोपी घातली की यंत्र शिटी मारतं," असं ते सांगायचे. यंत्राचा माइक कानामागे असतो. त्यावर जाड, घट्ट कापड दाबून बसलं की आवाज तिथेच घुमतो, शिवाय केसाळ लोकर घासल्याची खरखर वेगळी. म्हणून दुमडलेली पट्टी सोडून दिली. कानावर एकाच पदराचं कापड, धागा गुळगुळीत आणि पीळदार, आणि दोन सुलट दोन उलटची पट्टी फक्त खालच्या तीन सेंटीमीटरपुरती. ऊब थोडी कमी होईल अशी शंका होती, पण लोकरीची ऊब मुख्यतः तंतूंच्या नैसर्गिक कुरळेपणात अडकलेल्या हवेची असते, आणि घट्ट दाबलेल्या कापडात ती हवा उलट कमीच राहते. टोपी घालून आजोबा आता नीट ऐकू शकतात, आणि मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

टाळू आठ भागांत घटवली. प्रत्येक भागात १४ टाके: १२ सुलट, दोन एकत्र, असं फेराभर. एक घटीचा फेरा, एक साधा, असं ५६ टाके उरेपर्यंत, आणि तिथून पुढे प्रत्येक फेऱ्यात घट. शेवटच्या आठ टाक्यांतून धागा ओवून आत घट्ट केला. घटी थेट प्रत्येक फेऱ्यात सुरू केल्या तर टाळू चपटी बसते, शेवटपर्यंत एकाआड एक ठेवल्या तर वर टोक उभं राहतं. हा मधला मार्ग मला सगळ्यात सुबक वाटतो.

हातमोज्यांत जीव जास्त गुंतला आहे. भाची सात वर्षांची, तळव्याचा घेर १५ सेंटीमीटर. दोन रंगांची वीण आहे, कारण मागून जाणाऱ्या दुसऱ्या धाग्यामुळे कापड दुपदरी होतं आणि बर्फात खेळणाऱ्या हातांना तेच हवं. ३.५ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटीमीटरला २६ टाके आले. मनगटाला ३६, तळव्याला ४२, आणि नक्षी सहा टाक्यांची, म्हणजे ती घेरात बरोबर सात वेळा बसते.

दोन रंगांत विणताना कोणता धागा खालून जातो आणि कोणता वरून, हे सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत पाळायचं. खालून जाणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग पुढे येतो. नक्षीचा रंग खालून, पार्श्वभूमीचा वरून. मध्येच अदलाबदल झाली तर अर्ध्या हातमोज्यात नक्षी उठून दिसते आणि अर्ध्यात विरते. दुसरी काळजी आतल्या धाग्यांची: लहान बोटं लांब सैल धाग्यांत हमखास अडकतात, म्हणून चार टाक्यांपेक्षा लांब धागा मी मध्ये एकदा गुंतवते.

अंगठ्यासाठी बाजूच्या एका टाक्यापासून पाचर सुरू केली. दर तिसऱ्या फेऱ्यात दोन टाके वाढवत १३ झाले की ते सुट्या धाग्यावर काढून ठेवले आणि त्या जागेवर एक नवा टाका घालून तळवा पुढे नेला. पाचर अगदी कडेला असल्याने दोन्ही हातमोजे सारखेच आहेत आणि घालताना डावा-उजवा शोधावा लागत नाही. अंगठा परत उचलताना १३ टाके सुईवर घ्यायचे, नव्या टाक्याच्या बुडातून एक उचलायचा, आणि जिथे अंगठा तळव्याला मिळतो त्या दोन्ही कोपऱ्यांतून एकेक जास्तीचा. हे कोपऱ्यातले टाके पाहायला कापड उजेडाकडे धरावं. तिथे एक आडवा ताणलेला धागा दिसतो. तो नुसता सुईवर चढवला तर भोक मोठं होतं, म्हणून त्याला पीळ देऊन उचलायचा. पुढच्या फेऱ्यात हे दोन टाके शेजारच्यांबरोबर एकत्र विणले की १६ चे १४ होतात आणि भोक पूर्ण मिटतं. मग धाग्याच्या शेपटीने आतून दोन टाके शिवायचीही गरज उरत नाही.

दोन्ही हातमोजे जोडणारी दोरी आय-कॉर्डची आहे. हे नाव आणि ही पद्धत विणणाऱ्यांत रूढ केली ती विणकामावरच्या पुस्तकांच्या लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांनी. दोन टोकांच्या सुईवर तीन टाके सुलट विणायचे, न उलटता सरकवायचे, धागा मागून ओढून घ्यायचा. गोल, भरीव दोरी तयार होत जाते. लांबीसाठी भाचीला हात पसरून उभं केलं आणि एका मनगटापासून पाठीवरून दुसऱ्या मनगटापर्यंत मोजलं. कोटाच्या बाह्यांतून ओवली की हातमोजा हरवायचा प्रश्नच मिटला.

गळपट्ट्याबद्दल थोडक्यात. मैत्रीण सायकल चालवते, म्हणून लोंबणारी टोकं असलेला मफलर बाद आणि गोल गळपट्टा पक्का. तिची मान लोकरीने लाल होते. त्वचेला टोचतात ते साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू, म्हणून १८ मायक्रॉनची मेरिनो घेतली. वीण ब्रिओश. एकाआड एक टाका सोबतच्या वळशासकट न विणता उचलायचा आणि पुढच्या फेऱ्यात दोन्ही एकत्र विणायचे. कापड मऊ, जाड आणि दोन्ही बाजूंनी सारखं होतं. धागा भरपूर खातं आणि वेगही मंद असतो, कारण दोन फेरे विणावे तेव्हा दिसणारी एक ओळ वाढते. ब्रिओशमध्ये सुटलेला टाका परत चढवणं फार कटकटीचं असतं, म्हणून दर काही फेऱ्यांनी सगळ्या टाक्यांतून पातळ सुती दोरा ओवून ठेवते. काही झालं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागेल.

आणि आता शुभेच्छापत्रं, ज्यांनी मला या वेळी सर्वात जास्त आनंद दिला. पद्धत कोलाग्राफची: पुठ्ठ्यावर उठावदार वस्तू चिकटवून तिचा ठसा तयार करायचा. गेज मोजून झालेला स्वॉच दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाच्या पातळ थरावर बसवला, टाक्यांच्या ओळी टाचण्यांनी सरळ केल्या आणि वाळल्यावर ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन हात दिले. वॉर्निश नसेल तर लोकर शाई पिऊन टाकते आणि पुठ्ठाही ओलसर होतो. मग रोलरने शाईचा अगदी पातळ थर. शाई काचेवर पसरताना रोलरखालून बारीक चरचर ऐकू यायला हवी. आवाज चिकट, ओला आला तर शाई जास्त आहे, आणि ती टाक्यांमधल्या फटी भरून नक्षी बुजवते.

कागद १२० ते १६० ग्रॅमचा. जाड कागद हाताच्या दाबाने टाक्यांच्या खोलीत उतरत नाही. लाकडी चमच्याच्या पाठीने मधून बाहेर गोल गोल घासत जायचं, एक कोपरा उचलून पाहायचं, फिकट भाग दिसला तर कोपरा परत तसाच टेकवून तिथे पुन्हा घासायचं. ठसा वाळला की जाड कार्डावर चिकटवायचा. तेलाच्या शाईला वाळायला काही दिवस लागतात, तेवढी सवड धरून चालावं. पीळदार मेरिनोचे टाके अत्यंत स्वच्छ उमटतात, प्रत्येक टाक्याचा व्ही वेगळा. केसाळ धाग्यात टाक्याची कड पुसट होते.

दोन रंगांच्या स्वॉचचा ठसा एकाच रंगात उमटतो, कारण शाईला फक्त उंचसखल कळतं. भाचीच्या पत्रासाठी हे फारच सोयीचं निघालं. नुसते व्ही छापलेलं पत्र आणि सोबत हातमोज्यांच्या दोन रंगांच्या पेन्सिली द्यायच्या. नक्षी तिची ती रंगवेल. ठसा उलटा पडतो हे मात्र अक्षर किंवा एका दिशेला पाहणारा प्राणी असेल तर लक्षात ठेवावं. व्ही दोन्हीकडून सारखाच असल्याने इथे अडचण नाही.

याच ठशांतून विणकामाची एक जुनी अडचणही सुटली. सुलट टाका चौकोनी नसतो. २२ टाके आणि ३० फेऱ्यांच्या गेजला तो साधारण ४.५ मिलिमीटर रुंद आणि ३.३ मिलिमीटर उंच असतो. साध्या चौकटीच्या कागदावर काढलेली चांदणी विणल्यावर बसकी दिसते ती म्हणूनच. स्वॉचचा ठसा खऱ्या मापाचा, माझ्या हाताच्या टाक्यांचा आलेखच आहे. त्याच्या प्रती काढून त्यावर थेट नक्षी रंगवली की विणल्यावर दिसेल तेच कागदावर दिसतं. आता प्रत्येक स्वॉचचा पहिला ठसा वहीत जातो, शेजारी सुईचा नंबर, लोकर आणि धुतल्यानंतरचं गेज.

दुसऱ्या हातमोज्याचा अंगठा झाला की ब्रिओशचा स्वॉच पुठ्ठ्यावर चढवणार आहे. त्याच्या कण्यांमधल्या दऱ्या खूप खोल आहेत, त्यामुळे शाई फक्त माथ्यावर राहील आणि उभ्या साखळ्या तेवढ्या उमटतील असा अंदाज आहे. कागद १०० ग्रॅमचा, किंचित ओलसर घेऊन पाहते.