मॉर्फिनची चिठ्ठी आणि ती खिडकी

अप्पांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला तो ऐन एप्रिलात. डॉक्टरांनी तपासून मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, लिहून दिलं, १० मिलिग्रॅम, दर ४ तासांनी. वीस मिनिटांचं काम. गोळी हातात पडायला मात्र तीन दिवस गेले.

नवी पेठेतल्या पाच मेडिकलवाल्यांनी नाव ऐकूनच मान हलवली. एकजण तर माझ्याकडेच संशयानं बघत राहिला. मग दवाखान्याच्या औषधखिडकीवर गेलो. तिथल्या ताई म्हणाल्या, "एकूण गोळ्या किती, लिहिलेलं नाही. अंकी आणि अक्षरी लागतं." म्हटलं, दिवसाला ६, सात दिवस, झाल्या ४२, तुम्हीच लिहा की. "मी कशी लिहू?" डॉक्टर ऑपरेशनला. तीन वाजता आकडा मिळाला तर शिक्का राहिला. शिक्का आणेस्तोवर खिडकी बंद, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. घरी अप्पा उशी दातात धरून पडलेले. मॉर्फिन अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. २०१४ साली तो कायदा बदलून दवाखान्यांना ते ठेवायला राज्य औषध प्रशासनाची एकच परवानगी पुरेशी केली म्हणे. परवाने कमी झाले, शिक्के होते तिथंच राहिले.

सोमवारी रजिस्टर उघडून ताईंनी वर विचारलं, "आणखी काय चालू आहे?" मी चिडूनच यादी म्हटली. झोपेची अल्प्राझोलाम ऐकली तशा त्या थांबल्या आणि थेट डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही एकत्र घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. ती गोळी दुसऱ्या डॉक्टरांची, आम्ही सांगितलीच नव्हती. ती कशी कमी करत न्यायची ते डॉक्टरांनी सांगितलं. माझा राग निम्मा तिथंच उतरला. निम्माच. तेव्हा घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, तोंडी यादीत काहीतरी सुटतंच.

हो, आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. आम्ही विसरलो, पाचव्या दिवशी अप्पांचे हाल झाले. मॉर्फिनची गुंगी दोन-तीन दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ जात नाही. माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ असेल, तर पुढचा डोस न देता लगेच दवाखाना गाठायचा. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, डोस त्यावर ठरतो. गोळ्या कुलपात ठेवा. आमच्याकडे नातवंडं असतात.

अप्पा जूनमध्ये गेले. उरलेल्या गोळ्या परत द्यायला त्याच खिडकीवर गेलो. अर्ज घरूनच लिहून नेला होता: १४, अक्षरी चौदा. ताईंनी गोळ्या दोनदा मोजल्या.