शिवेवर मेलेला रस्ता

मी पशुसंवर्धन खात्यात आहे. गावात लोक सरसकट डॉक्टर म्हणतात, पण हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा आणि दवाखाना श्रेणी दोनचा, म्हणजे एक खोली, एक फ्रीज, एक परिचर आणि पसरलेली गावं-वाड्या-तांडे. खात्याची गाडी वगैरे काही नाही, स्वतःची स्प्लेंडर आणि स्वतःचं पेट्रोल. त्यात मला आधीपासून आडवाटांचा नाद, सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि जिथं डांबर संपतं तिथून पुढं काय आहे ते बघत सुटायचं. बायको म्हणते ड्युटीला पण तेच अन सुट्टीला पण तेच, मग पगार कशाचा घेता. तिचं बरोबरच आहे म्हणा.

आमचा भाग धारूर-वडवणीकडचा, बालाघाटचा डोंगर. वर पठार आहे, मुरमाड, बरड, सीताफळाचं रान, आणि खाली उतरलं की काळी. डोंगराच्या दक्षिणेचं पाणी मांजरेला जातं, उत्तरेचं सिंदफणेकडं, दोन्ही फिरून शेवटी गोदावरीतच. रस्त्यांचं मात्र असं फिरून कुठं एक होणं नाही. प्रत्येक गावाचा रस्ता आपापल्या तालुक्याच्या गावाकडं तोंड करून निघतो, त्या बाजूला डांबर, खडी, फलक, उद्घाटनाची पाटी, सगळं. पण गावाच्या पाठीमागच्या बाजूनं शेजारच्या तालुक्यातल्या गावाला जायचं म्हटलं की रस्ता आधी खडीचा, मग मुरमाचा, मग बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, आणि बरोबर शिवेवर आला की मेला. पलीकडनं त्या गावाचा रस्ता पण असाच येऊन मरतो. मधला तुकडा ना ह्या ग्रामपंचायतीचा ना त्या. मी जेवढा हिंडलो तेवढ्या भागात हे बघितलंय आणि मजा म्हणजे गावनकाशात हेच शिवरस्ते सगळ्यात रुंद असतात, तुटक दुहेरी रेघ, ३० ते ३३ फूट. जागेवर जाऊन बघा, दोन्हीकडचे बांध सरकत सरकत आलेत आणि मधून एक माणूस आडवा होऊन जातो.

तर २०२२ चा सप्टेंबर, गाईबैलांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या लंपीची साथ. राजस्थान-गुजरातकडून आपल्याकडं आली आणि बघता बघता जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, फोनवर फोन. सुरुवातीला आदेश असे होते की जिथं बाधित जनावर सापडलं तिथून पाच किलोमीटरच्या परिघातल्या गाईबैलांना लस टोचायची. लस शेळ्यांच्या देवीची, गोट पॉक्सची, तीच गाईबैलांना चालते, मानेच्या कातडीखाली एक मिली. आता परीघ काढायचा म्हणजे नकाशावर सुई रोवून गोल फिरवायचा. गोल फिरवला तर डोंगराच्या त्या अंगाला एक तांडा आत आला. सरळ रेघेत पाच किलोमीटरला जरा कमीच. डांबरी रस्त्यानं घाट उतरून, वळसा घालून, मग परत चढून सत्तावीस.

गणपती उठून आठवडासुद्धा झाला नव्हता. आदल्या रात्री पाऊस धो धो झालेला आणि सकाळी निरोप आला की वळशाच्या रस्त्यावरच्या नळकांडी पुलावरून पाणी चाललंय, एक टमटम अडकून पडलीय. वरिष्ठांना फोन लावला तर ते म्हणाले उद्या जा. उद्या कसं जा? तांडा सगळा ऊसतोडीवाल्यांचा. दसरा झाला की टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते आणि टायरगाडीवाल्याचं सगळं भांडवल म्हणजे बैलजोडी. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला तीनेक आठवडे लागतात. त्या वर्षी दसरा ५ ऑक्टोबरचा, बोटावर मोजलं तर त्या दिवशी टोचलं तर बरोबर दसऱ्याला एकवीस दिवस भरत होते. कारखान्यावर गेल्यावर चार जिल्ह्यांचे बैल एका तळावर बांधलेले असतात, तिथं बिनलशीचा बैल घेऊन जाणं म्हणजे काय ते सांगायला नको.

मी परिचरमामांना म्हणलं मागच्या अंगानं जाऊ. मामा रिटायरमेंटला आलेले, त्यांनी नुसतं आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "काळ्यात उतरायचं नसंल तर येतो."

हे वाक्य आमच्याकडं पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला पाठच पाहिजे. काळी माती ओली झाली की चाक फिरतं पण गाडी जात नाही, कारण माती टायरला चिकटते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाकच फिरत नाही आणि तुम्ही काडीनं कोरत बसता. म्हणून लांबचा पडला तरी मुरमाचा दांड धरायचा, माथ्यामाथ्यानं जायचं, पाण्याच्या वाटेत शिरायचं नाही. मी पुढचं मडगार्ड पावसाळ्यात काढूनच ठेवतो, तोंडावर चिखल उडतो पण चाक मोकळं राहतं. मागच्या टायरची हवा थोडी कमी केली, फार कमी केली असती तर मुरमातल्या दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर झाली असती आणि त्या रानात पंक्चर म्हणजे दिवस गेला. लसीचा डबा, आत बर्फाचे पॅक, मामांच्या मांडीवर. लस दोन ते आठ डिग्रीतच पाहिजे, त्यामुळं घड्याळ सकाळपासूनच सुरू झालेलं. सुया-सिरिंजा डब्यासोबत आणि औषधांची बॅग माझ्या पाठीला.

पहिला टप्पा छान गेला, मी आधी तिथपर्यंत हिंडलेलो होतो. सीताफळं डोळे उघडून बसलेली, मोर ओरडत होते, एका जागी मामांनी गाडी थांबवायला लावून चार फळं खिशात टाकली. पुढं वाट फुटली. एक सरळ खाली जाणारी चांगली मळलेली पायवाट आणि एक उजवीकडं लांबून वळत जाणारी जुनी चाकोरी, गवत वाढलेली. नवा माणूस मळलेली वाट धरतो. पण माणूस डोंगर सरळ उतरतो, शेळी तर कुठूनही उतरते, भरलेली बैलगाडी तसं करू शकत नाही, तिला चढ सोसणारा पाहिजे, म्हणून जुन्या लोकांनी गाडीवाट काढताना डोंगर नीट बघितलेला असतो. जिथून कधीकाळी बैलगाडी गेली तिथून मोटारसायकल जातेच. फोनवर त्या जागी नुसता हिरवा रंग होता. चाकोरी धरली आणि खरंच, अर्धा डोंगर पहिल्या गिअरवर क्लच न दाबता इंजिनच्या जोरावर उतरलो, पुढच्या ब्रेकला हात लावला नाही, ओल्या मुरमावर पुढचा ब्रेक म्हणजे सरळ जमिनीवर.

आणि मग शीव आली.

शिवेवर बाभळीच्या आणि बोरीच्या काट्या, छातीएवढ्या, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत रचलेल्या. पुढं नांगरलेलं, त्यात तूर. मी काट्या ओढायला लागलो तेवढ्यात आखाड्यावरनं, म्हणजे शेतातल्या गोठ्याकडनं, एक जण आला, पन्नाशीचा, हातात विळा.

"हितून रस्ता न्हाई."

"नकाशात आहे काका, शिवरस्ता आहे हा."

"नकाशात असंल. माज्या सातबाऱ्यात न्हाई."

आता ह्या भांडणात मी पडणार नव्हतो. अडवलेला रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, पंचनामा होतो, पण भावकीतला शेजारी असला की अर्ज करणाराच दोनदा विचार करतो. मी सरळ सांगितलं, लंपीची लस घेऊन तांड्यावर चाललोय, बर्फ वितळायला लागलाय.

लंपी म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. विळा खाली ठेवला. "आदी माजा बैल बगा. कालपासनं चाऱ्याला तोंड लावंना. मानंवर गाठी आल्यात. बैल बगा, मंग मी सोता काट्या काढतो."

इथं खरी अडचण. त्या गोलात हा बैल कुणाला माहीतच नव्हता, नोंद नाही, फोन नाही, आणि इथून तांडा खालच्या ओढ्यापलीकडं दिसत होता. म्हणजे साथ तांड्याच्या उंबऱ्यावर आलेली. रोग माशा, डास, गोचिडांनी पसरतो, त्यांना काट्याचं कुंपण लागत नाही. पण मी त्या बैलाला हात लावून, तेच कपडे तेच बूट घेऊन तांड्यातल्या निरोगी जनावरांत जाऊन सुई टोचायची हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. आधी निरोगी, मग आजारी, हा क्रम मोडायचा नाही. आणि आजारी बैलाला लस द्यायचीच नसते, त्याला उपचार. त्या माणसाला समजावून सांगितलं तर तो म्हणतो, "ते समदं खरं. पण तुमी खालनं पुलाच्या रस्त्यानं गेलाव तर? पाणी उतरल्यावर हिकडं कशाला चढताव?"

त्याचं काय चूक होतं सांगा. त्याच्या बाजूला आजवर कोण आलेलं? त्याच्या शेतामागं दोन्ही तालुके संपतात, इकडचा डॉक्टर त्याला म्हणतो तुम्ही तिकडचे, तिकडचा म्हणतो तुम्ही इकडचे.

मी बोलत बसलो असतो तर तास गेला असता. मामांनी माझ्या पाठीवरची बॅग काढली आणि त्याच्या हातात दिली. "ह्यात समदी औषिदं हायती. तांड्यावर आमाला नुसती लस लागती, ह्ये लागत न्हाई. संभाळा. आमी ह्ये न्यायला तर येऊच का न्हाई?"

तो माणूस बॅग हातात घेऊन थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग बॅग बाभळीला अडकवली आणि काट्या ओढायला लागला. नुसत्या ओढल्या नाहीत, तुरीच्या कडेनं पुढं चालत आम्हाला ओढ्यापर्यंत आणून सोडलं, कारण मधला पट्टा काळीचा होता आणि त्यात कुठं पाय टिकतो ते त्यालाच माहीत. एका जागी गाडी रुतलीच, तिघांनी मिळून आडवी करून ओढून काढली, लसीचा डबा बांधावर सुरक्षित. ओढ्याच्या काठाला गाडी सोडून डबा डोक्यावर घेतला.

तांड्यावरचं काम मात्र पटापट झालं. नायकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, मामांनी आधीच फोन केलेला, जनावरं दाव्याला बांधलेली. ही लस एकदा पाण्यात विरघळवली की लवकर संपवावी लागते, उरली तर टाकून द्यायची, म्हणून सगळी जनावरं समोर आल्याशिवाय मी बाटली फोडत नाही. दर जनावराला सुई नवी. एका म्हातारीनं आपल्या कालवडीला टोचू द्यायला नकार दिला, गाभण आहे म्हणून, तिची समजूत तिच्या सुनेनं काढली, काय बोलली ते कळलं नाही, गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत बोलली, पण म्हातारी हसली आणि कालवडीची शिंगं स्वतः धरली. एक पोरगा विचारत होता, कारखान्यावर लसीचा दाखला दाखवावा लागंल का. मी म्हणलं देतो लिहून, ठेव जपून. त्याच्या बैलजोडीला लाखाच्या वर मोजलेले, त्यातले निम्मे मुकादमाचे.

परत ओढा, परत चढ, आखाड्यावर पोचलो तर चहा उकळून काळा झालेला. बैलाला ताप १०५. मानेवर, खांद्यावर गाठी, पुढचा एक पाय सुजलेला. तापाचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, जखमांवर लावायला मलम, बाकीच्या जनावरांपासून लांब बांधायला लावलं, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करा म्हणलं. त्याच्या दोन गाई निरोगी दिसत होत्या पण लस संपलेली. पुढच्या फेरीत त्यांना आणि आसपासच्या वस्त्यांना टोचलं, आणि त्या वेळी काट्या आधीच बाजूला सरकवलेल्या होत्या. बैल वाचला. मानेवरच्या जखमा भरायला मात्र फार दिवस लागले, त्या हंगामात जू ठेवता आलं नाही, पेरणीला त्यानं ट्रॅक्टर भाड्यानं घेतला.

प्रवासाचं बिल ऑफिसात लावलं तर विचारणा आली की नोंद नसलेल्या जनावरावर औषध का खर्च केलं. मी उत्तरासोबत गावनकाशाची झेरॉक्स जोडली आणि त्या बैलाभोवती एक नवीन गोल काढून दिला. नंतर कुणी काही विचारलं नाही.

हा टप्पा हिंडायला भारी आहे, कुणाला गाडी घेऊन जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. काळी तेव्हा सुकलेली असते, भेगांमध्ये पुढचं चाक अडकतं तेवढं सांभाळा. वाट फुटते तिथं उजवीकडची गवताळ चाकोरी धरा, मळलेली पायवाट खाली कातळावर नेऊन सोडते. काट्या सरकवल्या तर परत लावून या, तूर त्याचीच आहे. आणि ट्यूब, हवेचा पंप, पाणी सोबत ठेवा, तांड्यावर त्या दिवसांत म्हातारीकोतारी आणि लेकरंच असतात, पंक्चरवाला थेट खालच्या फाट्यावर.