तुम्ही विचारलंत म्हणून: पन्हाळ्यावर अजून काय शोधताय?

"सर, शाहू महाराजांचा तो चहाचा मळा कधीच संपला. तुम्ही अजून पन्हाळ्यावर काय शोधताय?" लग्नाच्या पंगतीत, गंगावेशीत दूध पिताना, कुठंही गाठून लोक हेच विचारतात. एकदाच सविस्तर सांगतो.

महाराजांचं राधानगरीचं धरण दिसतं, शाहूपुरीची गूळपेठ दिसते, म्हणून त्यांबद्दल कुणी शंका घेत नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम चहा प्यायला जायचे, हे तर कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगतं. पण याच राजानं पन्हाळ्याच्या डोंगरात चहा-कॉफीची लागवड करून बघितली म्हटलं, की समोरच्याच्या कपाळावर आठी. मला याचा राग येतो. जे टिकलं नाही, ते झालंच नाही असं कसं म्हणता?

आणि तो प्रयोग उगाच केलेला नव्हता. गडाची उंची सुमारे 3,000 फूट, जांभी आम्ल माती, पाणी साचू न देणारे उतार. चहाला नेमकं हेच लागतं. अडचण पावसाची. चार महिने धो धो कोसळतो आणि मग पुढच्या जूनपर्यंत रान वाळत जातं. चहाला वर्षभर थोडीथोडी ओल हवी असते.

मी स्वतः एक झुडूप 'महाराजांचा चहा' म्हणून कितीतरी वर्षं दाखवलं. गडाच्या उतारावरचं, कमरेएवढं, गर्द हिरव्या चकचकीत पानांचं. मला ते आबांनी, म्हणजे वडिलांनी दाखवलं होतं. मी चौथीत असेन. त्यांनी फांदीला हात लावू दिला नाही. "राजानं लावलंय, लांबनं बघ," म्हणाले. पुढं मी शिक्षक झालो आणि दर पावसाळ्यात सहलीच्या पोरांना तेच वाक्य सांगत आलो.

एका वर्षी एका विद्यार्थ्याची मावशी बरोबर आली. लग्न होऊन तिकडं निलगिरीत कुन्नूरला गेलेली, घराच्या मागंच चहाचे मळे. तिनं वाकून फांदी उलटी केली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग मला बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणाली, "सर, चहाचं पान फांदीवर एकाआड एक येतं. ही पानं जोडीनं, समोरासमोर आहेत. आणि कडेवरनं बोट फिरवून बघा." मी फिरवलं. कड गुळगुळीत. चहाच्या पानाला करवतीसारखे बारीक दाते असतात, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं होतं. या पानावर बोट मात्र कधी फिरवलं नव्हतं. लांबनं बघ म्हटलं होतं ना.

पोरं डबे सोडून बसली होती. त्यांना त्या दिवशी मी काहीच सांगितलं नाही. ते मला अजून खातं.

मार्चमध्ये एकटा गेलो. फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडले होते. अंजनी! आपल्या डोंगरात जागोजागी असते. मी दरवेळी पावसात जायचो, फुलं बघितलीच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मग विषय संपला. मलाही आठवडाभर तसंच वाटलं. पण चुकलं ते आबांचं झुडूप, महाराजांची लागवड नाही. शिवाय मी शोधतच चुकीचं होतो. मळ्यात चहा कमरेएवढा राहतो तो छाटणीमुळं. छाटणी थांबली की त्याचं सरळ झाड होतं, आणि ते शंभर वर्षंही जगू शकतं. म्हणजे मी खाली बघत फिरलो, वर बघायला हवं होतं. की हीसुद्धा मी माझीच समजूत घालतोय? असेलही. बायको तेच म्हणते.

त्या बाईंनी नंतर कुन्नूरहून चहाची एक डहाळी वहीच्या पानांत दाबून पाठवली. ती आता तपकिरी झालीय, पण कडेचे दाते नखाला लागतात. चहा पावसाळा सरल्यावर फुलतो, पांढरी फुलं, मधे पिवळे केसर. येत्या नोव्हेंबरात ती डहाळी घेऊन शेजारच्या पावनगडाच्या अंगानं उतरणार आहे. जाताना आधी आबांच्या अंजनीपाशी थांबेन.