तुम्ही विचारलंत म्हणून : परदेशातल्या नातवंडांना काय न्यावं?

मी मूळची सावंतवाडीची, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "आमची मुलगी न्यू जर्सीला असते, दोन नातवंडं आहेत. तुमच्याकडची ती लाकडी फळं नेऊ का? की दुसरं काही सुचवाल? आपल्याकडचं काहीतरी हवं, पण नुसतं पडून राहायला नको." मुलगी कधी मेलबर्नला असते, कधी लंडनजवळ, प्रश्न मात्र हाच. म्हणून आज सगळं एकदा नीट लिहून काढते.

माझं उत्तर असं : जी हातात घेऊन काहीतरी करावं लागतं अशी वस्तू न्या, आणि ती कशी वापरायची हे आधी स्वतः शिकून घ्या. बाजारात आता भारतीय म्हणून पुष्कळ काही मिळतं. रिक्षा छापलेले उशांचे अभ्रे, ट्रकवरच्या रंगीत अक्षरांचे कप, वारली चित्रांचे ट्रे. दिसायला छान असतात, मोठ्या माणसांनी हौसेनं घ्यावेत. पण आठ वर्षांच्या मुलाला त्यातून मिळतं काय? कप तो कपासारखाच वापरणार. चित्र एकदा बघून झालं की संपलं. आजी-आजोबांनी इतक्या लांब जायचं ते मुलांबरोबर बसायला. तेव्हा बसायला निमित्त देईल अशी वस्तू हवी.

माझी पहिली शिफारस गंजिफा. यात माहेरचा अभिमान आहेच, पण कारणंही आहेत.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबरानं 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि 96 पानं. आपल्याकडे त्याचा दशावतारी अवतार झाला : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, अशी एकूण 120 पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर कुऱ्हाडी. राजा बहुधा आसनावर बसलेला, प्रधान घोड्यावर. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून पान तयार करत, त्यावर खडूचा लेप, मग घोटाई, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात.

हे सगळं संपायला आलं होतं. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू करून नव्या मुलामुलींच्या हाती दिली. मोती तलावासमोरच्या त्या राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये पाट मांडून गंजिफा रंगवणारे कलाकार आजही बघायला मिळतात. कोकणात जाणार असाल तर नातवंडांचं सामान घ्यायच्या निमित्तानं तिथे थोडा वेळ बसाच. एवढ्याशा गोलात घोड्याचा पाय कसा बसवतात, हे बघण्यासारखं आहे.

आता खेळ. तिघांत खेळायचा, प्रत्येकाला 40 पानं. हुकूम वगैरे काही नाही. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी करतो, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाला मान. हे ऐकलं की मुलं खिडकीबाहेर बघून ऊन आहे का ते तपासतात, आणि तिथेच खेळ सुरू झालेला असतो. गंमत पुढेच आहे. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाचांत नेमकं उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. कुठलं वरचढ पान पडून गेलं आणि कुठलं अजून कुणाच्या हातात आहे हे लक्षात ठेवणाराच जिंकतो. 120 पानांचा हा हिशेब मोठ्यांना जड जातो, मुलांना फार लवकर जमतो. नातीकडून हरलेले आजोबा मी पाहिलेत, आणि त्या दिवसापासून तिला दहा अवतार क्रमानं पाठ करायला कुणाला सांगावं लागलं नाही.

सहासात वर्षांच्या मुलांसाठी आधी दोन-तीनच रंग काढा आणि राजा-प्रधानाच्या जोड्या लावायला द्या. हाताळणी जमली की रंग वाढवत न्या.

हातानं रंगवलेला पूर्ण संच महाग असतो. असायलाच हवा, एकेका पानामागे कुणाचे तरी डोळे आणि मान खर्ची पडलेली असते. तो परवडत नसेल तर छापील संच घ्या. पण एक आग्रह धरते : गंजिफाचं एखादंच पान चौकटीत घालून भिंतीवर लावायला नेऊ नका. एका पानानं खेळता येत नाही.

दुसरी वस्तू सारीपाट. तो समजावून सांगायलाही वेळ लागत नाही, कारण तुमच्या नातवंडांनी लुडो खेळलेला असतो आणि लुडो हा आपल्या पचिसीचाच, म्हणजे कवड्यांनी खेळायच्या सारीपाटाचाच, इंग्लंडमध्ये 1896 साली पेटंट झालेला सोपा नमुना आहे. मुलांना हे जरूर सांगा. अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला अंगणातच दगडात आखलेला पचिसीचा पट आहे, त्याचा फोटो दाखवा. पण लुडोत जे हरवलं ते सारीपाटात अजून शाबूत आहे. लुडोत प्रत्येक जण एकटा. सारीपाटात समोरासमोर बसलेले दोघे भिडू, स्वतःच्या सोंगट्या घरी पोचल्या तरी भिडूच्या पोचेपर्यंत जिंकलो म्हणता येत नाही. आजी आणि नातू एका बाजूला, आई-बाबा दुसऱ्या बाजूला, असा डाव लावून बघा. स्वतःची सोंगटी मागे ठेवून भिडूची वाचवायची की नाही, यावर जी चर्चा होते ती ऐकण्यासाठीच मी हा खेळ सुचवते.

पट कापडी घ्या, भरतकाम केलेला मिळतो, घडी करून बॅगेच्या कोपऱ्यात मावतो. फाशांऐवजी कवड्या घ्या. सहा कवड्यांच्या नेहमीच्या मोजणीत दोनपासून सहापर्यंत जितक्या उताण्या तितकी घरं. एकच उताणी पडली तर दहा आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. घरोघरी नियम थोडे बदलतात. तुमच्या आईकडे जसे होते तसेच शिकवा.

लाकडी खेळण्यांबद्दल थोडक्यात. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं खरोखर सुंदर असतात, मी त्यांच्यातच वाढले, पण मुलांसाठी नेताना फळांपेक्षा भातुकली घ्या. जातं, पाट-लाटणं, चूल, उखळ-मुसळ. फळं मांडून ठेवली जातात, जातं फिरवलं जातं. अगदी लहान, सगळं तोंडात घालणारं बाळ असेल तर बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची खेळणी जास्त बरी. तिथे काळ्या कुड्याचं मऊ लाकूड लेथवर फिरवत त्यावर रंगीत लाख चढवतात आणि केवड्याच्या जातीच्या पानांनी घोटून चकाकी आणतात. कडा गोल, हाताला कुठे टोचत नाही. भोवरा नेणार असाल तर जाळी गुंडाळायचा सराव इथेच करून जा, आणि तिथे अंगण किंवा लाकडी जमीन आहे का ते विचारा. गालिच्यावर भोवरा फिरत नाही.

स्वयंपाकघरातलं काय, असंही विचारतात. मी सोऱ्या सांगते. पितळी, चांगला वजनदार, सगळ्या चकत्यांसह. चकलीच्या चांदणीतून पीठ बाहेर येताना बघणं मुलांना इतकं आवडतं की दिवाळी नसली तरी चालतं. दांडा फिरवायचं काम त्यांना द्यावं, तळणीपासून लांब बसवावं. भजणीचं प्रमाण लिहून न्या. आमच्याकडे चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एकेक वाटी मूग आणि उडीद डाळ, वर धणे-जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर कडक होते. हे एकदा बिघडलेलं मुलांनी स्वतः पाहिलं की पुढच्या वेळी मोहन मोजायला तीच पुढे असतात.

तांब्या-पितळेची भांडी मात्र विचार करून न्या. पुण्याच्या तांबट आळीतलं हातोडीच्या ठोक्यांचं मठारकाम केलेलं पातेलं पाहिलं की मोह होतोच, मलाही होतो. पण तिकडच्या बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते, तिच्यावर तांबं-पितळ तापत नाही. शिवाय आमटीत चिंच किंवा कोकम आलं की भांड्याला कल्हई हवीच, आणि कल्हईवाला तिथे कुठून आणणार? पाणी भरून ठेवायला तांब्याचा लोटा न्या, शिजवायला बिडाचा तवा. सपाट बुडाचा बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम चालतो. बिडाचं आप्पेपात्र घ्यायचं तर खाली सपाट आहे ना ते उलटं करून बघा. खालून गोल वाट्या असतील तर तिथल्या शेगडीवर ते नीट तापत नाही.

घर सजवायचं सामान मी फारसं सुचवत नाही. एक पाट न्या. जेवायला, रांगोळी काढायला, गणपती बसवायला, आणि लहान मुलाला ओट्यापर्यंत पोचायला उभं राहायला तो उपयोगी पडतो.

जाण्याआधी आणखी एक काम करा. सारीपाटाचे किंवा गंजिफाचे नियम मराठीत, ठसठशीत अक्षरांत, तुमच्या हातानं एका कागदावर लिहून डब्यात ठेवा. खेळताना वाद होतोच, तेव्हा तो कागद काढला जातो, आणि मराठी वाचायला कंटाळणारं मूलही नियम आपल्या बाजूचा आहे का हे बघायला ओळ न ओळ वाचतं.

आणि मेलबर्न किंवा ऑकलंडला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा : ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकडी वस्तू, बिया, शंख-शिंपले, सगळं देशात शिरताना भरायच्या फॉर्ममध्ये जाहीर करावं लागतं. सागरगोटे आणि चिंचोके या बियाच आहेत, ते इथेच ठेवा, त्यांच्या जागी खडे तिथलेच वेचता येतात. पाट, भातुकली, भोवरा, कवड्या हे सगळं एका पिशवीत, बॅगेत वरच ठेवा, म्हणजे तपासणीला चटकन काढून दाखवता येईल.