वाजलं ते कुणाला ऐकू आलं?

"कानाच्या मशीनमध्ये मधेच काहीतरी वाजतं, ते काय असतं हो? बिघडलंय का?" हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्यांना नुकतंच मशीन लागलंय ती. आणि दुसरी, ज्यांच्या आईने किंवा वडिलांनी "माझ्या कानात टुंग टुंग होतंय" म्हणत मशीन काढून डबीत ठेवून दिलंय, ती मुलं. मी गेली बरीच वर्षं दोन्ही कानांना मशीन लावते, त्यामुळे तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तरच सांगते.

आधी माझा एक उलटा प्रश्न: तो आवाज ऐकू कुणाला आला?

मशीन जे इशारे देतं ते थेट तुमच्या कानात वाजतात. शेजारच्याला सहसा त्यांचा पत्ताही लागत नाही. याच्या नेमकं उलट घडत असेल, म्हणजे घरातले सगळे "शिट्टी वाजतेय" म्हणून वैतागलेत आणि तुम्ही शांत, तर तो इशारा नाही, ती गळती आहे. मोठा केलेला आवाज कानातून फटीवाटे बाहेर येतो, मायक्रोफोन तो परत पकडतो, पुन्हा मोठा करतो, आणि हे चक्र सुरू झालं की शिट्टी. ती उंच स्वराची असते आणि आपले बहुतेकांचे उंच स्वरच आधी गेलेले असतात, म्हणून ज्याच्या कानात वाजते त्यालाच ती ऐकू येत नाही. मशीन नीट आत बसवून पाहा. तरी थांबत नसेल तर कानात मळ साठलाय का, मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला साचा) सैल झालाय का, डोम (टोकाची रबरी टोपी) लहान पडतोय का, हे दाखवून घ्या. उशीला कान टेकला किंवा कुणी मिठी मारली तेव्हा क्षणभर वाजली तर चिंता करू नका.

तिसरी शक्यता म्हणजे तो आवाज खरंच बाहेरचा असतो. मायक्रोवेव्ह, लिफ्ट, मागे येणारा ट्रक, सगळे हल्ली एकाच सुरात बोलतात. माझी खूण अशी: बाहेरच्या आवाजाला दिशा असते, मान वळवली की तो बदलतो. मशीनचा इशारा मान कितीही फिरवा, तिथेच. दोन्ही मशीन एकदम वाजली तर तो डोक्याच्या मधोमध वाजल्यासारखा वाटतो.

आता खरे इशारे. मशीन सुरू केलं की छोटी धून वाजते. पुष्कळ मशीनमध्ये चालू होण्याआधी काही सेकंद मुद्दाम थांबायची सोय असते, कानात बसवताना शिट्टी वाजू नये म्हणून. प्रोग्राम (गर्दी, शांत खोली अशा वेगवेगळ्या जागांसाठीची सेटिंग) बदलला की बहुधा त्या प्रोग्रामच्या क्रमांकाइतके बीप येतात. आवाज वाढवला-कमी केला की प्रत्येक पायरीला एक बीप, आणि टोक गाठलं की वेगळा सूर. फोन जोडला गेला की आणखी एक. हे सगळे पोचपावतीचे आवाज. तुम्ही काहीतरी केलंत आणि मशीनने "कळलं" म्हटलं, एवढंच.

आपण काही न करता आपणहून वाजणारा आणि खरोखर कामाचा इशारा एकच: सेल संपत आल्याचा. साध्या मशीनमधला सेल झिंक-एअर असतो. स्टिकर काढलं की छिद्रांतून हवा आत जाते आणि तो जागा होतो (म्हणून स्टिकर काढून मिनिटभर तरी थांबावं, मग मशीनमध्ये घालावा). त्याचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं आणि मग झपकन कोसळतं. एरवी हा गुणच, कारण दिवसभर आवाज सारखा राहतो. पण त्यामुळे मशीनला संपत आल्याचं कळतं तेच उशिरा. इशारा वाजला की काही मॉडेलमध्ये बराच वेळ हाताशी असतो, काहींमध्ये मोजकी मिनिटं. थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा वाजतो, आणि नेमका समोरचा महत्त्वाचं सांगत असतानाच वाजतो, असा माझा अनुभव. चार्जिंगच्या मशीनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते, तिचा अंदाज आधी येतो. फोनवरचं गाणं किंवा बोलणं थेट मशीनमध्ये ऐकलं की मात्र दोन्ही प्रकार लवकर संपतात. एकाच कानात इशारा वाजला तर त्याच बाजूचा सेल संपत आलाय, दुसरा अजून चालेल.

गंमत बघा. सेलच्या आकारांचे रंग जगभर सारखे: 10 नंबर पिवळा, 312 तपकिरी, 13 नारिंगी, 675 निळा. त्यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत आहे. इशाऱ्यांच्या सुरांवर मात्र नाही. एका कंपनीचे चार बीप दुसरीकडे भलताच अर्थ सांगतात, आणि त्याच कंपनीचं नवं मॉडेल घेतलं तरी धून बदललेली असू शकते. म्हणून "टिंग-टुंग म्हणजे काय?" असं कुणी मला फोनवर विचारलं तर मी उत्तर देत नाही. तुमच्या मॉडेलची पुस्तिका बघा, नाहीतर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जा.

आणि गेलातच तर तिथे बसूनच सगळे इशारे एकेक करून वाजवून घ्या. कॉम्प्युटरवरून ते सहज होतं. फार थोडे लोक हे मागतात, याचं मला नवल वाटतं. तुम्हाला ऐकू न येणाऱ्या उंचीवर इशारा लावलेला असेल तर तो असून नसल्यासारखा. बऱ्याच मशीनमध्ये त्याचा सूर खाली आणता येतो, आवाज कमी-जास्त करता येतो, काहींत बीपऐवजी बोललेले शब्द निवडता येतात. नको ते बंदही करता येतात. मी आवाजाच्या पायऱ्यांचे बीप बंद करून घेतलेत, कारण आवाज वाढला हे मला ऐकूनच कळतं. सेलचा इशारा मात्र कुणीही बंद करू नये. डबीत मशीन टाकणाऱ्या वडिलांनाही एवढा एकच ठेवून बाकी सगळे काढून द्या, असं मी मुलांना सांगते.

काही आवाज इशारेही नसतात आणि बिघाडही. बासरीच्या लांब सुराभोवती थरथर ऐकू आली तर मशीन त्या सुरालाच शिट्टी समजून दाबायला बघतंय. टेलिकॉइल (फोन किंवा सभागृहातला आवाज चुंबकीय लहरींतून पकडणारी मशीनमधली तारेची गुंडाळी) चालू असताना विजेच्या तारांजवळ गुणगुण येते. चरचर आणि तुटक आवाज मात्र बहुधा ओलाव्याचा. रात्री मशीन कोरडं करायच्या डबीत ठेवून बघा.

आणि सगळ्यात नेहमीच्या बिघाडाला इशाराच नाही. आवाज बाहेर येतो त्या तोंडाशी मळ अडकला की मशीन आत व्यवस्थित चालू असतं, सेल भरलेला असतो, त्याच्या मते सगळं ठीक असतं. बाहेर काही येत नाही, एवढंच. तेव्हा सकाळी कानात घालण्याआधी चालू मशीन मुठीत धरा आणि घरातल्या ऐकू येणाऱ्या कुणाला तरी विचारा, शिट्टी येते का? आली तर घाला. नाही आली तर आधी सेल बदला, मग त्या तोंडाशी असलेला मळ अडवणारा फिल्टर.